वर्गाबाहेरचा संवाद : एका ग्रंथाच्या निमित्तानें

शिक्षणशास्त्रावरील ग्रंथ म्हटला कीं, तो शिक्षकांसाठींच आहे असें समजून सामान्य सुशिक्षित वाचक त्याला बाजूस सारतो. आणि अशा ग्रंथांची नेहमींची रुक्ष मांडणी पाहिली म्हणजे त्याला फारसा दोषही देतां येत नाहीं. परंतु कांहीं ग्रंथांचा विषय शिक्षकाच्या खोलीपुरता राहत नाहीं. ज्या घरांतून मुलगा अगर मुलगी कॉलेजांत जाते, त्या घरापर्यंत तो येऊन पोंचतो. गिली सॅमन ह्या इंग्रज विदुषींचा ‘ई-मॉडरेटिंग’ हा ग्रंथ त्यांपैकीं एक होय. तो प्रथम इ. स. २००० मध्यें प्रसिद्ध झाला, पुढें त्याच्या सुधारून वाढविलेल्या आवृत्त्याही निघाल्या. आणि कॉलेजच्या अभ्यासक्रमाला ऑनलाइन चर्चागटाची जोड कशी द्यावी ह्या प्रश्नावर जे लिहितात, ते बहुधा ह्या ग्रंथाचें नांव घेतल्यावांचून पुढें जात नाहींत. ग्रंथ जुना झाला. पण त्यानें उभा केलेला प्रश्न आपल्याकडे आतां कोठें दाराशीं आला आहे. म्हणून त्याचा परामर्श घेणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

ज्या वाचकांचा ह्या प्रकाराशीं प्रत्यक्ष परिचय नाहीं, त्यांच्यासाठीं प्रथम त्याचें स्वरूप सांगितलें पाहिजे. प्राध्यापक एखादा प्रश्न लिहून ठेवतो. विद्यार्थी आपापल्या घरून, आपापल्या सवडीनें, तो वाचतात. ज्याला सुचेल तो उत्तर लिहितो. त्या उत्तरावर दुसरा आपला अभिप्राय लिहितो. आणि हें सारें लेखन सर्वांना पुढें कितीही दिवस वाचावयास मिळतें. बोलणें आणि लिहिणें ह्यांच्या मधला हा एक प्रकार आहे. त्यांत संभाषणाची ये-जा आहे, पण संभाषणाची घाई नाहीं. पत्राची सवड आहे, पण पत्राचा एकांत नाहीं. वर्गांतील पाऊण तासांत साठ मुलांपैकीं चार-पांच जण बोलतात, आणि बहुधा दर वेळीं तेच बोलतात. बाकीच्यांना शंका नसते असें नाहीं. त्यांची शंका तास संपल्यावर, कधीं जेवतांना, कधीं रात्रीं पुस्तक उघडल्यावर, आकार घेते. त्या उशिरां आलेल्या शंकेला बसावयास जागा कोठें, ह्या प्रश्नाचें उत्तर म्हणजे हा चर्चागट होय.

ही कल्पना ज्या भूमींत वाढली, ती पाहिली म्हणजे ग्रंथाचे गुणदोष अधिक नीट समजतात. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाला १९६९ सालीं सनद मिळाली आणि १९७१ सालीं त्याचे पहिले विद्यार्थी शिकूं लागले. नोकरी व संसार सांभाळून शिकणारीं प्रौढ माणसें, टपालानें येणारीं पुस्तकें, बी. बी. सी. वरील कार्यक्रम आणि अधूनमधून भेटणारा शिक्षक, असा त्या विद्यापीठाचा प्रपंच होता. सर्व कांहीं होतें. उणीव होती ती सहाध्यायाची. ती भरून काढण्यासाठीं १९८८ सालीं माहिती-तंत्रज्ञानाच्या एका अभ्यासक्रमांत, कॅनडांतील ग्वेल्फ विद्यापीठांत तयार झालेल्या ‘कोझी’ नांवाच्या संगणकव्यवस्थेवर, हजारांहून अधिक विद्यार्थी टेलिफोनच्या तारेनें एकमेकांस जोडले गेले. सॅमनबाई ह्याच विद्यापीठाच्या व्यवस्थापन-शाखेंत शिकवीत होत्या, आणि त्यांच्या ग्रंथाचा पाया तेथील विद्यार्थ्यांनीं पुढच्या दशकांत लिहिलेल्या संदेशांच्या अभ्यासावर रचलेला आहे. म्हणजे हा ग्रंथ केवळ टेबलाशीं बसून रचलेला नाहीं. एकटेपणानें शिकणाऱ्या माणसांच्या खऱ्या अडचणीतून तो निघाला आहे.

ग्रंथाचा मुख्य सिद्धांत पांच पायऱ्यांच्या एका जिन्याच्या रूपानें मांडलेला आहे. पहिल्या पायरीवर विद्यार्थ्यानें चर्चेंत नुसता प्रवेश करावयाचा. यंत्र चालतें, परवलीचा शब्द लागू पडतो आणि येथें येण्यांत कांहीं अर्थ आहे, एवढें त्याला पटलें म्हणजे झालें. दुसऱ्या पायरीवर ओळखदेख. तिसरीवर माहितीची देवघेव. चौथीवर सर्वांनीं मिळून केलेली ज्ञानाची रचना. आणि पांचवीवर विद्यार्थी स्वतःच्या शिकण्याकडे परतून पाहूं लागतो. प्रत्येक पायरीला यंत्रविषयक साहाय्य कोणतें लागेल आणि शिक्षकाचें साहाय्य कोणतें लागेल, तें शेजारीं दाखविलें आहे. ह्या आकृतींतील एक बारकावा आम्हांस फार मार्मिक वाटला. पायरीगणिक विद्यार्थ्यांची परस्परांतील ये-जा वाढत जाते, परंतु शेवटच्या पायरीवर ती पुन्हा ओसरते. शिकून तयार झालेला मनुष्य मंडळींतून किंचित् बाजूला होतो व आपल्याशींच विचार करूं लागतो, हें ज्या लेखिकेला दिसलें, तिला नुसत्या गजबजाटाची हौस नाहीं हें उघड आहे.

ह्या ग्रंथाचा सर्वांत मोठा गुण असा कीं, त्यानें यंत्राऐवजीं शिक्षकाला मध्यभागीं बसविलें. नवें साधन हातीं आलें कीं त्या साधनाचीच आरती करणारे लोक सर्व देशांत असतात, आणि त्या वर्षांत तर त्यांना ऊत आला होता. सॅमनबाईंचें म्हणणें असें कीं, चर्चागट उघडून ठेवल्यानें चर्चा होत नाहीं. ती कोणीतरी चालवावी लागते, आणि ती चालविण्याचें शिक्षण शिक्षकालाही घ्यावें लागतें. त्याचें काम तेथें व्याख्यान देण्याचें नाहीं. विखुरलेल्या दहा-वीस संदेशांतून समान धागे उचलावयाचे, एकानें अर्धवट सोडलेला विचार दुसऱ्याच्या शंकेशीं नेऊन भिडवावयाचा, थोड्या थोड्या दिवसांनीं सारांश लिहावयाचा आणि त्या सारांशांतूनच पुढचा प्रश्न काढावयाचा, असें तें काम आहे. त्याला त्यांनीं विणकामाची उपमा दिली आहे. मासिकाचा चांगला संपादक वाचकांच्या पत्रांचें सदर कसें चालवितो, कोणतें पत्र कोणत्या पत्राशेजारीं ठेवतो आणि स्वतः किती थोडें बोलतो, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना ह्या उपमेचा अर्थ निराळा सांगावयास नको.

असो. आतां दोषांकडे वळूं. भाषेचा दोष किरकोळ आहे, तरी तो सांगितला पाहिजे. नवीन शब्द घडविण्याची लेखिकेस भारी आवड. प्रत्येक जुन्या क्रियेस एक नवें अक्षर जोडलें कीं ती क्रिया नवी झाली, असा भास ठिकठिकाणीं होतो. दुसरा दोष मात्र मुळाशीं आहे, आणि तो जिन्याच्या कल्पनेंतच आहे. जिना सरळ असतो. विद्यार्थी तसा सरळ चढत नाहीं. रात्रीं अकरा वाजतां ज्याचें उदाहरण अडलें आहे, त्याला ओळखदेखीची पायरी नको असते. तो थेट आपली अडचण घेऊन येतो, आणि ती सुटल्यावरच ज्यानें सोडविली त्याचें नांव विचारतो. उलट, दुसऱ्या पायरीवर सुखानें नांदणारे गटही आम्ही पाहिले आहेत. तेथें सर्व जण सर्वांचें कौतुक करतात, प्रत्येकाचा मुद्दा प्रत्येकाला पटतो, आणि वर्षाच्या अखेरीस मंडळी होतीं तेथेंच असतात. ओळख झाली म्हणजे विचार आपोआप येईल, ही ह्या ग्रंथांतील आशा अनुभवाला पटत नाहीं.

ह्या बाबतींत दुसऱ्या एका अभ्यासाची साक्ष काढणें उपयुक्त होईल. कॅनडांतील अल्बर्टा विद्यापीठांत गॅरिसन, अँडरसन व आर्चर ह्या तिघांनीं, सॅमनबाईंचा ग्रंथ निघाला त्याच सुमारास, अशा लेखी चर्चांची चिकित्सा केली. डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठांत असतांना ज्यांच्या पायाशीं बसले, त्या जॉन ड्यूई ह्यांच्या विचारप्रक्रियेच्या मीमांसेवर ह्या तिघांनीं आपली पद्धति उभारली. प्रश्न पडणें, त्याचा कानोसा घेणें, विचारांची जुळणी करणें आणि निर्णयाला येणें, अशा चार अवस्था त्यांनीं कल्पिल्या व विद्यार्थ्यांचे संदेश त्यांत वाटून पाहिले. २००१ सालीं प्रसिद्ध केलेल्या त्या पाहणींत संदेशांपैकीं ८ टक्के पहिल्या अवस्थेचे, ४२ टक्के दुसऱ्या, १३ टक्के तिसऱ्या आणि अवघे ४ टक्के चौथ्या अवस्थेचे निघाले. उरलेले कोठेंच बसले नाहींत. पाहणी लहान होती, आणि तिच्यावर मोठी इमारत उभारणें योग्य होणार नाहीं. तरीही कोणत्याही प्रामाणिक शिक्षकाला हे आंकडे ओळखीचे वाटतील. मंडळी बोलतात, आपापला अनुभव सांगतात, आणि विषय जेथें जुळून यावयाचा तेथेंच संपतो.

हें कां होतें? आमच्या मतें ह्याचें कारण प्रश्नाच्या घडणीत आहे. एक उदाहरण घेऊं. मराठीच्या वर्गांत हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी नेमलेली आहे असें समजा. ‘ह्या कादंबरीचीं वैशिष्ट्यें सांगा आणि दोन सहाध्यायांच्या उत्तरांवर अभिप्राय द्या,’ असा प्रश्न चर्चागटांत टाकला, तर पहिल्या तीन उत्तरांत सर्व वैशिष्ट्यें संपतात. पुढच्या सत्तावन्न जणांना तींच उलटसुलट करून लिहिण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं. परंतु ‘ही कथा यमूनें स्वतः सांगितली आहे, तीच तिच्या भावानें सांगितली असती, तर कोणतीं प्रकरणें लिहितांच आलीं नसतीं?’ असें विचारा. आतां प्रत्येकाला पुस्तक पुन्हा उघडावें लागेल. एक जण म्हणेल, स्वयंपाकघरांतील अमुक प्रसंग भावाला कळलाच नसता. दुसरी म्हणेल, कळला असता, पण सांगण्यासारखा वाटला नसता. ह्या दोन उत्तरांत खरा मतभेद आहे, आणि तो एकट्याच्या निबंधांत कधींच उत्पन्न झाला नसता. ज्या प्रश्नाचें उत्तर एकट्यानें देतां येतें, तो प्रश्न चर्चागटांत टाकणें म्हणजे साठ जणांकडून एकच पाटी पुसून घेण्यासारखें आहे.

प्रश्नाच्या खालोखाल घात करतात ते गुण. अमेरिकेंतील कॉलेजांत अशी वहिवाट पडली कीं, दर आठवड्यास एक मूळ संदेश आणि दोन प्रत्युत्तरें लिहिलीं पाहिजेत, आणि त्यांना इतके गुण. ही पद्धत आपल्याकडेही येत आहे. हिची बाजू आम्ही नाकारीत नाहीं. गुण नसले तर पुष्कळ विद्यार्थी तिकडे फिरकणारही नाहींत, हें खरें आहे. परंतु संख्येला गुण दिले म्हणजे संख्याच मिळते. रविवारीं रात्रीं, मुदत संपण्याच्या आधीं तासभर, गटांत एकाएकीं वर्दळ होते, आणि सोमवारीं तें लेखन कोणी वाचीतही नाहीं. इ. स. २०२२ च्या अखेरीपासून तर हवें तसें लेखन क्षणांत करून देणारीं यंत्रें विद्यार्थ्यांच्या हातीं आलीं आहेत. ज्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तराची गरज नव्हती, त्याला आतां माणसाचीही गरज उरली नाहीं. प्रश्न यंत्राकडून लिहून घ्यावयाचा, उत्तर यंत्राकडून, आणि तपासणीही यंत्राकडून, अशा तऱ्हेचा एक निर्मनुष्य वर्ग आपण निर्माण करूं शकतों. गुण द्यावयाचेच असतील तर सत्राच्या अखेरीस विद्यार्थ्यानें आपले स्वतःचे दोन संदेश निवडावे, आणि दुसऱ्या कोणाच्या कोणत्या वाक्यानें आपलें मत बदललें अगर पक्कें झालें तें लिहून द्यावें; त्याला गुण द्यावे. ह्या अंगाचा विचार सॅमनबाईंच्या ग्रंथांत जितक्या खोलीनें यावयास हवा होता, तितका तो आलेला नाहीं.

जो विद्यार्थी केवळ वाचतो आणि लिहीत नाहीं, त्याच्याविषयीं मात्र लेखिकेनें सहानुभूति दाखविली आहे, व ती आम्हांस योग्य वाटते. मौनाचीं कारणें अनेक असतात. पूजा नाथ ह्या कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें संगणकशास्त्र शिकत असतां त्यांच्या वर्गांत मुली अगदीं थोड्या होत्या. मुलगे एकमेकांस विचारून अडचणी सोडवीत, आणि ह्या संकोचानें एकट्या बसत. पुढें अमेरिकेंत गेल्यावर त्यांनीं ‘पियाझ्झा’ नांवाची चर्चाव्यवस्था काढली, आणि विद्यार्थ्याला सहाध्यायांपुढें आपलें नांव न सांगतां प्रश्न विचारण्याची सोय तींत ठेवली. निनांवी लेखनाचे तोटे आम्ही जाणतों; नांवावांचून जबाबदारी येत नाहीं आणि ओळखही वाढत नाहीं. पण ज्या मुलीनें दोन वर्षांत एकदांही तोंड उघडलेलें नाहीं, तिचा पहिला प्रश्न नांवानिशींच आला पाहिजे असा आग्रह धरणें म्हणजे दार उघडून उंबरा उंच करण्यासारखें आहे. तिचा प्रश्न दुसऱ्या दहा जणांच्याही मनांत होता, हें तिला एकदां दिसलें म्हणजे नांव लिहिण्याचें धैर्य तिला पुढें येतें.

प्रश्न आला, पण उत्तर कोण देणार? अमेरिकेंतील जॉर्जिया टेक ह्या संस्थेंत अशोक गोयल ह्या प्राध्यापकांनीं २०१६ सालीं एक प्रयोग केला. त्यांच्या वर्गांत सुमारें तीनशें विद्यार्थी होते, आणि एका सत्रांत सुमारें दहा हजार संदेश येत. त्यांनीं ‘जिल वॉटसन’ ह्या नांवानें एका यंत्राला साहाय्यक शिक्षकांच्या मंडळींत बसविलें. सत्र संपत आल्यावर जिल ही बाई नसून यंत्र आहे असें जाहीर झालें, तेव्हां पुष्कळांना आश्चर्य वाटलें. ह्या प्रयोगाची हकीकत सांगणारे बहुधा ह्या आश्चर्यावरच थांबतात. आम्हांस त्यांतील दुसरी बाजू अधिक विचारणीय वाटते. निबंध कधीं द्यावयाचा, तो कोणत्या नमुन्यांत लिहावयाचा, असल्या ठराविक प्रश्नांना यंत्रानें उत्तर दिलें तर त्यांत कोणाचें नुकसान नाहीं. पण त्यामुळें वांचलेला वेळ शिक्षकानें विणकामाला द्यावा, तर लाभ; तो वेळ वांचला म्हणून शिक्षकच कमी केला, तर हानि. यंत्र आणण्याचा निर्णय जे घेतात, ते ह्यांपैकीं कोणता हिशेब मनांत धरतात, हें पालकांनीं विचारलें पाहिजे.

हा विचार आपल्या घराशीं कसा येऊन भिडतो तें आतां पाहूं. नाशिक येथें १९८९ सालीं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालें, तेव्हांपासून घरीं बसून शिकणें महाराष्ट्राला नवें नाहीं. पुढें २०१७ सालीं केंद्र सरकारनें ‘स्वयम्’ ही ऑनलाइन अभ्यासक्रमांची योजना सुरू केली. तिच्या प्रत्येक अभ्यासक्रमाचीं चार अंगें ठरविलीं आहेत: चित्रित व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन आणि शंकानिरसनासाठीं चर्चागट. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनीं एका सत्रांतील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम अशा मार्गानें पुरे करण्याची वाट मोकळी केली. योजनेची रचना उत्तम आहे. परंतु ह्या चार अंगांपैकीं पहिलीं तीन एकदां तयार केलीं म्हणजे वर्षानुवर्षें टिकतात. चौथें मात्र दररोज नव्यानें करावें लागतें. त्यासाठीं जिवंत माणूस लागतो, त्याला वेळ लागतो, आणि त्या वेळाचें वेतन लागतें. म्हणून काटकसर सुरू होते ती चौथ्या अंगापासूनच. तालुक्याच्या कॉलेजांत एखाद्या विषयाचा प्राध्यापकच नाहीं, आणि विद्यार्थिनी तो विषय पडद्यावर शिकत आहे, अशी कल्पना करा. प्रश्न विचारण्याची तिची एकमेव जागा म्हणजे तो चर्चागट. तेथें तिनें लिहिलेली शंका पंधरा दिवस अनुत्तरित पडली, तर तिला व्याख्यान मिळालें पण शिक्षक मिळाला नाहीं, असेंच म्हणावें लागेल. आणि पदवीच्या कागदावर हा भेद कोठेंही नोंदला जाणार नाहीं.

वर्गाबाहेरच्या चर्चेनें काय होऊं शकतें, ह्याचें उदाहरण शोधण्यास आपल्याला परदेशीं जावें लागत नाहीं. मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेंतील अध्यापक व विद्यार्थी ह्यांनीं १८४८ सालीं ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली; मराठी व गुजराती ज्ञानप्रसारक सभा ह्या तिच्याच शाखा. दादाभाई नौरोजींसारखे तरुण तींत होते. तेथें निबंध लिहावयाचे, मंडळींपुढें वाचावयाचे आणि त्यांवर चर्चा करावयाची, असा क्रम असे. ह्या मंडळींनीं १८४९ सालीं मुलींच्या शाळा काढल्या, आणि कॉलेजांत शिकणारे तरुण तेथें आपण होऊन शिकवूं लागले. त्यांच्यापुढचा प्रश्न परीक्षेंतला नव्हता. तो त्यांच्या स्वतःच्या घरांतला होता. म्हणूनच ती चर्चा कागदावर संपली नाहीं. अल्बर्टाच्या पंडितांनीं जी चौथी अवस्था म्हणून सांगितली, ती हीच.

ह्या दृष्टीनें पाहतां ‘ई-मॉडरेटिंग’ हा ग्रंथ शिक्षकानें अवश्य वाचावा असा आहे. त्यांतील जिना नकाशा म्हणून उपयोगी आहे, वाट म्हणून नाहीं. शिक्षकाचें स्थान लेखिकेनें अचूक ओळखलें. प्रश्नाचें महत्त्व तिनें तितकें ओळखलें नाहीं, आणि गुणांचा मोह किती प्रबळ असतो हें तिच्या प्रौढ, स्वेच्छेनें शिकणाऱ्या विद्यार्थ्यांमुळें तिला फारसें दिसलें नसावें. आपल्याकडील अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला हा ग्रंथ लावतांना हा फरक ध्यानांत ठेविला पाहिजे. आणि ज्या वाचकांच्या घरीं कॉलेजांत जाणारें मूल आहे, त्यांना आमची एवढीच सूचना आहे: त्याच्या अभ्यासक्रमांत चर्चागट आहे कीं नाहीं हें विचारून थांबूं नका. मागील महिन्यांत तेथें त्यानें काय विचारलें, आणि त्याला उत्तर कोणी दिलें, तें विचारा.